बजीच्या पिल्लांचे रंग सांगणारं फुकटचं कॅल्क्युलेटर : वापरून काय कळलं

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बजी, म्हणजे आपल्याकडे दुकानात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते ऑस्ट्रेलियन पोपट. त्यांच्या नर-मादीचे रंग भरले की पिल्लं कोणत्या रंगांची निघतील ते सांगणारी कॅल्क्युलेटरं नेटवर फुकट मिळतात. टक्क्यांवर भरवसा ठेवून वापरलीत तर चिडचिड होईल. ‘काय निघूच शकत नाही’ एवढंच बघायला वापरलीत तर त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. माझ्या फोनमध्ये अशी दोन आहेत. नावं देत नाही, कारण तोंडावळा वेगळा असला तरी आतलं गणित बरंचसं सारखंच आहे. जिथे फरक आहे ते पुढे येईलच.

मी सोलापुरात ब्लाउज शिवते. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली पिंजरे आहेत, त्यांत अंडी घालायला टांगलेली मडकी, पत्र्यावर गोणपाट. पक्षी विकून घर चालत नाही, पण दाणापाण्याचा खर्च निघतो आणि दिवाळीला चार पैसे सुटतात. साध्या हिरव्या-निळ्या पिल्लाला दुकानदार फार भाव देत नाही. लाल डोळ्यांचं पिवळं किंवा पांढरं असलं की तोच दुकानदार चहा पाजतो. म्हणून रंगाचा हिशोब.

वापरायला सोपं आहे. डावीकडे नर, उजवीकडे मादी. दोघांचा दिसणारा रंग निवडायचा आणि खाली ‘स्प्लिट’ काय आहे ते भरायचं. स्प्लिट म्हणजे अंगावर दिसत नाही पण रक्तात आहे. हिरव्या पक्ष्याच्या पोटी निळं पिल्लू येतं ते असंच. मग बटण दाबलं की खाली यादी येते: नर पिल्लं अमुक टक्के या रंगाची, मादी पिल्लं तमुक टक्के त्या रंगाची.

माझ्या मते याची खरी किंमत घरात नाही, बाजारात कळते. एका आठवडी बाजारात हिरवी जोडी बघत होते. विकणारा म्हणाला, “ताई, नर रेड आयला स्प्लिट आहे. मादी पण स्प्लिट. डबल स्प्लिट जोडी आहे, मडकं भरून लाल डोळे निघतील.” आणि भाव सांगितला साध्या जोडीच्या तिप्पट.

मी फोन काढला. नराच्या रकान्यात ‘ल्युटिनोला स्प्लिट’ हा पर्याय होता. ल्युटिनो म्हणजे लाल डोळ्यांचा पिवळा. मादीच्या रकान्यात नव्हता. मादी एकतर ल्युटिनो, नाहीतर नाही. मधलं काही नाहीच.

“दादा, मादी रेड आयला स्प्लिट नसते हो.”

“ताई, फोनवर काय काय लिहितात. मी लहानपणापासून पक्षी विकतोय.”

“बरं, मग या नराची आई कुठल्या रंगाची होती?”

“आई... पिवळीच असेल की.”

‘होती’ आणि ‘असेल’ यात तिप्पट भावाचा फरक आहे. साध्या भावात जोडी घेऊन आले. पुढे त्याच जोडीच्या मडक्यात लाल डोळ्यांची पिल्लं निघालीसुद्धा. म्हणजे नराबद्दल तो खरं बोलला होता, त्याला ते माहीत होतं की नाही देव जाणे. मादीबद्दलचं मात्र शंभर टक्के खोटं.

हे असं का, ते थोडक्यात सांगते, कारण कॅल्क्युलेटर ते सांगत नाही. लाल डोळ्याचा रंग लिंगाच्या गुणसूत्रावर बसलेला असतो. पक्ष्यांत नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच. तिचं दुसरं डब्ल्यू, ज्यावर हा रंग नसतोच. नराच्या एका प्रतीत दोष असला तर दुसरी झाकून घेते, तो हिरवाच दिसतो, तोच स्प्लिट. मादीकडे झाकायला दुसरी प्रतच नाही. असेल तर दिसणार. सिनॅमन आणि ओपलाइन या रंगांचंही तेच. म्हणून ‘नराची आई कोणती’ हा एकच प्रश्न पुरतो: आई ल्युटिनो असली तर तिचा प्रत्येक मुलगा स्प्लिट असतोच, कारण तिच्याकडे द्यायला दुसरं झेड नाही.

जाता जाता. माणसांत मुलगा की मुलगी हे बापावर ठरतं आणि बोल आईला ऐकावे लागतात. पक्ष्यांत ते खरोखरच मादीवर ठरतं, पण तिला कोणी काही बोलत नाही.

याच नियमाचा दुसरा फायदा मला जास्त आवडतो. ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी भरा. उत्तर येतं: सगळ्या मुली ल्युटिनो, सगळे मुलगे हिरवे आणि स्प्लिट. पिवळा मुलगा शून्य, हिरवी मुलगी शून्य. म्हणजे पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशी नर-मादी कळली. अंडी उबायला साधारण १८ दिवस लागतात आणि मादी एकाआड एक दिवस अंडं घालते, त्यामुळे मडक्यात पिल्लंही पायऱ्यांसारखी लहान-मोठी असतात. पहिलं पिल्लू अंगाने भरलेलं, शेवटचं चिंचोक्याएवढं. ते शेवटचं तळहातावर घेऊन उजेडाकडे धरायचं. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, पण पापणीच्या कातड्याखालून डोळा दिसतो. काळा टपोरा डाग दिसला तर हिरवं होणार, म्हणजे या जोडीत मुलगा. डाग नसून गुलाबी फुगवटा असला तर लाल डोळा, म्हणजे मुलगी. पट्कन बघून परत ठेवायचं, आईला मडक्याबाहेर जास्त वेळ रोखायचं नाही.

हे का महत्त्वाचं ते पिवळे-पांढरे पाळणाऱ्यांना विचारा. साधा बजी नाकावरच्या पट्टीवरून ओळखता येतो, मोठ्या नराची निळी, मादीची तपकिरी. पण ल्युटिनो आणि अल्बिनो, म्हणजे लाल डोळ्यांच्या पांढऱ्या, नराची पट्टी मोठेपणीही जांभळट गुलाबीच राहते. निळी व्हायची वाट बघत लोक दोन नर एका पिंजऱ्यात महिनोन् महिने ठेवतात आणि मडक्यात अंडं का नाही म्हणून मला फोन करतात. पिसं पाठवून डीएनए टेस्ट करून देणारे आहेत, पण पाचशेच्या जोडीला कोण ती करणार.

तिसरं शून्य घरातच उपयोगी पडलं. तेव्हा सगळ्या जोड्या एका मोठ्या पिंजऱ्यात होत्या, ज्याला आम्ही कॉलनी म्हणतो. आकाशी नर, आकाशी मादी, दोघं एकमेकांना दाणे भरवणारी, त्यांच्या मडक्यात एक हिरवं पिल्लू. सासूबाई म्हणाल्या, “पणजोबावर गेलं असेल.” कॅल्क्युलेटरमध्ये दोन निळे भरले तर हिरव्यासमोर काही येत नाही, यादीत हिरवा शब्दच नाही. पणजोबाच काय, सात पिढ्या हिरव्या असल्या तरी दोन निळ्यांना हिरवं पिल्लू होत नाही. निळा पक्षी हिरवा लपवून ठेवू शकत नाही, हिरवा मात्र निळा लपवतो. शेजारच्या मडक्यावर हिरवा नर होता, एवढं सांगितलं की पुरे. रंगाचा हिशोब ठेवायचा असेल तर कॉलनी बंद, एका पिंजऱ्यात एकच जोडी.

हिरवा निळ्याला का झाकतो हे मला शिवणकामातून पटकन कळलं. बजीचं पीस म्हणजे निळ्या अस्तरावर पिवळं जाळीदार कापड. दोन्ही मिळून हिरवं दिसतं. पिवळं काढलं की निळं उरतं. अस्तराला निळं दाखवणारा काळा रंग काढला की फक्त पिवळं, तो ल्युटिनो. दोन्ही काढलं की अल्बिनो. निळ्या पक्ष्यात पिवळा रंग बनवणारं एक जनुक नीट काम करत नाही, हे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या लोकांनी शोधून छापलं. चांगली एक प्रत असली तरी पिवळं तयार होतं, म्हणून निळं दिसायला दोन्हीकडून बिघडलेली प्रत यावी लागते.

नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, ते काही ॲपवाल्यांचं डोकं नाही. जंगलातला बजी ऑस्ट्रेलियाचा आणि हिरवा. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत पक्षी इंग्लंडला नेले, मग युरोपातल्या पिंजऱ्यांतून पिवळे, निळे निघत गेले. १९२० च्या दशकात जर्मनीत ब्रेमेनच्या हान्स डुन्कर नावाच्या शिक्षकाने एका श्रीमंत पक्षीवेड्याच्या पिंजऱ्यांवर जोड्या लावून लावून हिशोब मांडला. आपण बटण दाबतो तेव्हा त्याचीच वही उघडते.

आता टक्के. हिरवा नर निळ्याला स्प्लिट, हिरवी मादी निळ्याला स्प्लिट. उत्तर: निळी २५ टक्के. लोकांना वाटतं चार पिल्लांत एक निळं ठरलेलं. तसं नाही. चार पिल्लं वाचली तर त्यांत एकही निळं नसण्याची शक्यता ३२ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ तीन वेळांत एकदा. पुढच्या खेपेला हिशोब पुन्हा पहिल्यापासून. मागच्या खेपेला निघालं नाही म्हणून या खेपेला जास्त निघेल असं काही नसतं. ‘आता तरी मुलगाच’ म्हणत पाळणे हलवलेल्या घरात मी वाढले, मला हे समजावायला कॅल्क्युलेटरची गरज नव्हती. पण माझ्याकडून पिल्लं नेणाऱ्या एका पोराने ‘२५ टक्के’ वाचून चार निळी पिल्लं आगाऊ बुक करून घेतली होती गिऱ्हाइकांकडून. कॅल्क्युलेटरने त्या आकड्याखाली एक ओळ लिहायला काय हरकत होती?

खरी तक्रार गडद रंगांची. निळ्या-हिरव्यात डार्क फॅक्टर म्हणून एक गुण असतो. हिरव्यात एक आला की गडद हिरवा, दोन आले की ऑलिव्ह. निळ्यात एकही नसला की आकाशी, एक आला की कोबाल्ट, म्हणजे गडद निळा, दोन आले की मॉव्ह. गंमत अशी की हा गुण आणि निळा एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, म्हणून ते बहुतेक वेळा हात धरूनच पिल्लाकडे जातात. साधारण १४ टक्के वेळा हात सुटतो. त्यामुळे निळ्याला स्प्लिट असलेला गडद हिरवा नर आकाशी मादीला लावला तर काय निघेल, हे त्याच्या आईबापांवर ठरतं. गडद हिरव्या आणि आकाशी जोडीचा मुलगा असेल, ज्याला टाइप वन म्हणतात, तर पिल्लं ४३ टक्के गडद हिरवी, ४३ टक्के आकाशी, आणि साधी हिरवी व कोबाल्ट जेमतेम सात-सात टक्के. साध्या हिरव्या आणि मॉव्ह जोडीचा मुलगा असेल, म्हणजे टाइप टू, तर बरोबर उलटं: साधी हिरवी आणि कोबाल्ट भरपूर, बाकी दोन नावाला. दिसायला दोन्ही नर तंतोतंत सारखे.

माझ्या फोनमधलं एक कॅल्क्युलेटर हे विचारतं. दुसरं विचारतच नाही, सरळ चारही रंगांसमोर २५-२५ टक्के लिहून मोकळं. कोबाल्टच्या आशेने माणूस टाइप वन नर घेतो आणि हंगामभर गडद हिरवी मोजत बसतो. तुम्ही वापरता ते यातलं कोणतं आहे हे तपासायला हीच जोडी भरून बघा. चारही समान आलं तर निळ्या-कोबाल्टच्या हिशोबासाठी ते ठेवू नका, बाकीला चालेल.

आणि पिवळ्या-पांढऱ्याखाली काय झाकलंय ते कुठलंच यंत्र सांगणार नाही. ल्युटिनो अंगाने गडद हिरवा आहे, ओपलाइन आहे, की आणखी काही, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. त्याच्या आईबापांचं माहीत असलं तरच भरता येतं, नाहीतर यंत्र त्याला साधा हिरवा धरून चालतं. माझ्या एका ल्युटिनो नराचे सगळे मुलगे यादीत साधे हिरवे होते, मडक्यात अर्धे गडद निघाले. हे मी तक्रारीत धरत नाही. उलट बापाच्या पोटात काय आहे ते तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते वहीत गेलं.

पिवळ्यांवरून आठवलं. काळ्या डोळ्यांचा पिवळा पक्षी ‘ल्युटिनो’ म्हणून गळ्यात मारतात, सांभाळून. तो बहुतेक वेळा डबल फॅक्टर स्पँगल असतो. स्पँगल एकाच बाजूने आला तर पंखांवरच्या खुणांची उलटापालट होते, पिसाची कड काळी आणि मध्य फिकट. दोन्ही बाजूंनी आला तर अंगावरच्या खुणा पुसल्याच जातात. पक्षी म्हणून वाईट नाही, पण लाल डोळ्यांच्या पिल्लांची हमी त्यातून मिळणार नाही. साध्या हिरव्या मादीला लावला तर सगळी पिल्लं सिंगल स्पँगल, इथे मात्र यंत्राचे १०० टक्के म्हणजे खरेच १००. उन्हात नेऊन डोळा बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका.

यंत्र काय विचारत नाही, ती यादी मोठी आहे. मादी वर्षाची तरी आहे का विचारत नाही. सहा महिन्यांच्या पोरीला मडकं लावून अंडं अडकून मेलेल्या माद्या मी इतरांकडे पाहिल्यात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगला आहे का विचारत नाही. आणि सगळ्यात खटकणारं, जोडी सख्ख्या भावाबहिणीची आहे का ते विचारत नाही. निळ्याला स्प्लिट भाऊ, निळ्याला स्प्लिट बहीण, दाब बटण, २५ टक्के निळी. त्यालाच पटापट निळी करायची युक्ती म्हणून लोक एकमेकांना सांगतात. दोन-तीन पिढ्यांनी पिल्लं लहान, पायांत दम नाही, अंडी रिकामी. तेव्हा कॅल्क्युलेटर पुन्हा तेच रंग दाखवत असतं, रंग अगदी बरोबर.

सोलापूरचं ऊन तर त्याला माहीत असायचं कारणच नाही. मी गुढीपाडव्याच्या सुमाराला मडकी काढते आणि पावसाची एक-दोन सर पडून हवा उतरली की परत टांगते. पत्रा तापला की मडक्यातली पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात. कुठल्याही रंगासाठी ते करू नये.

किरकोळ तक्रारी: सगळं इंग्रजीत. कॉक म्हणजे नर, हेन म्हणजे मादी, स्लॅश म्हणजे स्प्लिट, एवढं कळलं की भागतं, पण माझ्यासारख्या बाईला ते कळायला पोराला बोलवावं लागलं. रंगांची यादी मारुतीच्या शेपटीएवढी, मी त्यातले सहा-सातच वापरते. चार-पाच स्प्लिट भरले की उत्तर दोन स्क्रीन खाली जातं आणि कामाची ओळ शोधावी लागते. खाली जाहिरात लुकलुकत असते. जोड्या साठवून ठेवायची सोय एकात आहे, पण फोन बदलला की गेलं सगळं. मी वहीच ठेवते: मडक्याचा नंबर, आईबाप, त्यांचे आईबाप, काय निघालं. पायात रंगीत कडी घालते त्यामुळे कोण कोणाचं ते विसरत नाही. वही नसेल तर यंत्रात भरणार काय?

आणखी एक, कायद्याचं, कारण हे बरेच जण विचारतात. काही कॅल्क्युलेटरांत आपल्या राघूचे निळे-पिवळे प्रकारही आहेत. आपला गळ्याला पट्टा असलेला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्या पानाकडे फिरकू नका. बजी परदेशी आहे, चालतो. परदेशी पक्ष्यांच्या नोंदणीचा जो नियम २०२४ मध्ये आला तो सायटीस नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या जातींसाठी आहे आणि बजी त्या यादीत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा डार्क फॅक्टरच्या चुकीच्या गणितासाठी कापला, अर्धा सख्ख्या भावंडांबद्दल गप्प बसण्यासाठी. नवीन माणसाने घ्यावं का? जरूर, आणि पक्षी घ्यायच्या आधी घ्यावं. बाजारात जाताना फोन चार्ज करून न्या, मादीचा रकाना उघडून ठेवा, आणि विकणारा ‘मादी पण स्प्लिट’ म्हणाला की कुठला रंग ते विचारा. निळ्याला म्हणत असेल तर खरं असू शकतं, मादी निळ्याला स्प्लिट असते. लाल डोळ्याला म्हणत असेल तर साध्या जोडीच्या भावावर या.